प्रोजेक्ट कारला आफ्टरमार्केट थ्रॉटल केबल बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती केबलने उघडणाऱ्या थ्रॉटलसाठी (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेसाठी) आहे, मग वर कार्बोरेटर असो की फ्युएल इंजेक्शनची थ्रॉटल बॉडी. ‘इनर’ म्हणजे आतली ओढली जाणारी तार, ‘आऊटर’ म्हणजे तिच्याभोवतीची नळी. थ्रॉटल उघडणारी केबल कोणीही बसवतो. पाय उचलल्यावर, इंजिन गरम असताना, वळणावर, खड्ड्यात, दर वेळी पूर्ण मिटणारी केबल बसवायला मेहनत लागते. त्यामुळे दोन पर्यायांत अडलात तर ज्याने थ्रॉटल जास्त खात्रीने मिटेल तो घ्या.

आफ्टरमार्केट केबल नक्की कधी लागते?

इंजिन बदललं, इनटेक मॅनिफोल्ड बदललं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन-तीन आले, पेडल बॉक्स नवा आला किंवा स्टीअरिंगची बाजू बदलली, तर मूळ केबलची लांबी आणि टोकं जुळत नाहीत. युनिव्हर्सल किट अशा गाड्यांसाठी असतं. इंजिन आणि पेडल दोन्ही मूळचेच असतील तर त्या मॉडेलची तयार केबल घ्या. तिचा मार्ग, लांबी आणि क्लिप कंपनीने विचार करून ठरवलेल्या असतात, आणि कापाकापीचं काम वाचतं.

इंजिनाला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे. त्याला केबल जोडता येईल का?

थेट नाही. त्या थ्रॉटल बॉडीतली झडप मोटर फिरवते आणि मोटरला हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, देतो. केबल हवी असेल तर केबलवाली थ्रॉटल बॉडी, तिचा थ्रॉटल पोझिशन सेन्सर, आयडलसाठी (पेडल न दाबता इंजिन चालू राहण्यासाठी) वेगळा हवेचा व्हॉल्व्ह आणि हे सगळं समजणारा ईसीयू असा अख्खा संच लागतो. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्याही असतात: शेव्हरोलेची एलएस१ ही १९९८ ते २००२ च्या कॅमॅरोत केबलवर होती, तर १९९७ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर. इंजिन विकत घेतानाच हे बघून घ्या. बऱ्याचदा इलेक्ट्रॉनिक पेडल गाडीत बसवणं हे थ्रॉटल बॉडी बदलण्यापेक्षा सोपं पडतं.

किट घेताना काय पाहायचं?

इनरचा व्यास साधारण १.५ ते २ मिमी असतो. १×१९ विणीची (१९ धाग्यांचा एकच पेड) तार ताठ असते आणि कमी ताणली जाते, ७×७ विणीची (सात धाग्यांचे सात पेड) जास्त लवचिक. मार्गात वळणं असतील तर ७×७ बरी. आऊटरच्या आत टेफ्लॉन किंवा नायलॉनचं अस्तर हवंच, नुसत्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या नळीत इनर घासते आणि खरखरते. किटमध्ये आऊटरच्या दोन्ही टोकांच्या टोप्या, दोन लॉकनट असलेला आट्यांचा ॲडजस्टर आणि इनरच्या टोकाचा क्लॅम्प आहे ना ते मोजून घ्या. ॲडजस्टरला निदान २० मिमी फिरायला जागा असावी.

वरून स्टीलची जाळी असलेली आऊटर दिसायला झकास, पण ती जिथे टेकते तिथला रंग, होज आणि वायरचं वेष्टण कानशीसारखी खाते. घ्यायची तर प्रत्येक संपर्काच्या जागी रबर लावलेल्या क्लिप लागतील.

सायकलची ब्रेक केबल चालते का?

तारेची ताकद पुरेशी असते, व्यासही जवळपास तोच, १.५ ते १.६ मिमी. अडचण आऊटरची. इंजिनाच्या उष्णतेसाठी ती बनवलेली नसते आणि तिच्या टोप्या पातळ असतात. गाडी गॅरेजमधून हलवायला, मार्ग आखून बघायला उत्तम. रस्त्यावर नको. गिअरची सायकल केबल तर मुळीच नको: तिची इनर आणखी बारीक, १.१ ते १.२ मिमी असते.

लांबी कशी मोजायची?

दोरीने मोजू नका, दोरी हवी तशी वाकते आणि खोटी लांबी सांगते. जुन्या आऊटरचा तुकडा किंवा तेवढ्याच ताठपणाची कोणतीही नळी घ्या आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकापासून थ्रॉटलजवळच्या ब्रॅकेटपर्यंत खऱ्या मार्गाने टाका. एअर क्लीनर, बॅटरी, बॉनेट सगळं जागेवर असताना मोजा. इंजिन एका बाजूला ढकलून सर्वात लांबचं अंतर धरा.

इनरची लांबी म्हणजे आऊटर, अधिक पेडलच्या बाजूचा उघडा भाग, अधिक थ्रॉटलच्या बाजूचा उघडा भाग, अधिक हातात धरायला जादा. आऊटर ८५० मिमी, पेडलकडे ६० मिमी, थ्रॉटलकडे १२० मिमी असेल तर हिशोब १०३० मिमीचा होतो. कापण्याआधी किमान ५० मिमी जादा ठेवा. लांब केबल कापता येते, आखूड केबल नव्याने विकत घ्यावी लागते.

मार्ग कसा आखावा? वळण किती मोठं हवं?

बहुतेक जण फक्त वळणाची त्रिज्या बघतात. घर्षणाला मात्र सगळ्या वळणांच्या अंशांची बेरीज जास्त भोवते. इनर आऊटरच्या आतल्या भिंतीवर दाबली जाते आणि लागणारा जोर वळणाच्या एकूण कोनाबरोबर घातांकाने वाढतो. घर्षणगुणांक ०.१ धरला, म्हणजे स्वच्छ टेफ्लॉन अस्तर, तर एकूण ९० अंशांना पेडलच्या बाजूला सुमारे १.१७ पट जोर लागतो, १८० अंशांना १.३७ पट, ३६० अंशांना १.८७ पट. अस्तर मळलं आणि गुणांक ०.२५ झाला तर १८० अंशांनाच २.२ पट. परतीच्या वेळी हेच उलटं होतं: मळलेल्या १८० अंशांत थ्रॉटलच्या स्प्रिंगचा निम्म्याहून कमी जोर पेडलपर्यंत पोचतो, आणि पेडल आळसावल्यासारखं वर येतं.

म्हणून मार्ग असा शोधा की एकूण वळण १८० अंशांच्या आत राहील. एक मोठा कमानदार झोका हा तीन छोट्या कोपऱ्यांपेक्षा चांगला. कमीत कमी त्रिज्या ७५ मिमी धरा, जागा असेल तर १०० च्या वर. त्याहून घट्ट वळणात अस्तर चेपतं आणि इनरचे धागे दमून तुटू लागतात. दोन्ही टोकांना टोपीनंतर ४० ते ५० मिमी आऊटर सरळच राहू द्या.

एक्झॉस्टपासून अंतर जितकं जास्त तितकं बरं, ७५ मिमीपेक्षा कमी झालं तर मध्ये पत्र्याचं उष्णतारोधक लावा. नायलॉन ६ साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं, टेफ्लॉन २६० पर्यंत सतत टिकतं. इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढते, अस्तर बहुतेकदा तेव्हा खराब होतं.

क्लिप आऊटरला आधार देण्यापुरत्या. झिप टायने करकचून आवळलेली आऊटर आतून चेपते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. स्टीअरिंग शाफ्ट, क्लच लीव्हर आणि पंख्याच्या पट्ट्यापासून केबल दूर आहे ना, हे स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आणि क्लच दाबून पाहा.

पेडल पूर्ण दाबूनही थ्रॉटल अर्धाच उघडतो. हिशोब काय?

केबलचा प्रवास दोन्ही बाजूंना सारखा असायला हवा. थ्रॉटलला गोल कॅम (केबल गुंडाळणारी खाचेची चकती) असेल आणि केबलच्या खाचेची त्रिज्या २५ मिमी असेल, तर ८० अंश फिरायला सुमारे ३५ मिमी केबल ओढावी लागते. पाय ठेवण्याच्या जागी पेडल ७५ मिमी हलतं असं धरा. ३५ भागिले ७५ म्हणजे ०.४७. पिव्होटपासून पाय ठेवण्याची जागा २२० मिमीवर असेल तर केबल पिव्होटपासून सुमारे १०३ मिमीवर जोडायची. केबलचं भोक पिव्होटजवळ नेलं की पेडल हलकं होतं पण प्रवास कमी पडतो. लांब नेलं की थोड्या दाबात गाडी उसळी घेते आणि ट्रॅफिकमध्ये पाय दमतो.

कॅमऐवजी साधा लीव्हर असेल तर प्रवासाच्या मध्यावर केबल आणि लीव्हरमध्ये ९० अंशांचा कोन यावा. पूर्ण उघडताना केबल, लीव्हर आणि शाफ्ट एका रेषेत आले तर लीव्हर तिथेच अडकून बसू शकतो.

फायरवॉलला भोक कुठे आणि कसं पाडायचं?

पेडल हात फिरताना केबलची टोकाची जागा थोडी वर-खाली होते. त्या हालचालीच्या मध्याच्या सरळ रेषेत भोक यावं, नाहीतर इनर टोपीच्या काठावर घासून एकेक धागा सोडते. बाजूने खेच येणं टळतच नसेल तर फिरणारी टोपी असलेलं बल्कहेड फिटिंग घ्या.

आधी पलीकडे ब्रेकचा पाइप, वायरिंग, हीटर काय आहे ते हात घालून बघा. ३ मिमीचं पायलट भोक, मग स्टेप बिटने फिटिंगच्या मापापर्यंत. कडा कानशीने साफ करून रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. पातळ पत्रा पेडल दाबताना आत-बाहेर होतो आणि तेवढा प्रवास वाया जातो. २ ते ३ मिमी जाडीची, निदान ५० मिमी चौरस पट्टी मागून लावा. शेवटी रबरी ग्रोमेट किंवा सीलंट, कारण या भोकातून धूर आणि पाणी केबिनमध्ये येतं.

थ्रॉटलजवळचा ब्रॅकेट कुठे बसवायचा?

इंजिनावर. थ्रॉटल बॉडीवर, मॅनिफोल्डवर किंवा कार्बोरेटरच्या तळाच्या स्टडवर, पण गाडीच्या बॉडीवर किंवा फायरवॉलवर कधीही नाही.

कारण असं: रेस दिली की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं. आऊटरचं टोक गाडीच्या बॉडीला बांधलेलं असेल तर इंजिन कलताना आऊटर जागीच राहते आणि थ्रॉटलचा लीव्हर तिच्यापासून लांब जातो. म्हणजे पाय न हलवता रेस वाढते, त्याने इंजिन आणखी कलतं, रेस आणखी वाढते. दिशा उलटी असेल तर वेग घेताना थ्रॉटल आपोआप मिटतो आणि गाडी हिसके देते. ब्रॅकेट इंजिनावर असेल तर आऊटरचं टोक आणि लीव्हर एकत्रच हलतात, मधली आऊटर फक्त थोडी वाकते. त्यासाठी फायरवॉल आणि इंजिन यांच्यामध्ये तिला मोकळा झोका हवा.

ब्रॅकेट ३ मिमी स्टीलचा करा. बोटाने दाबून वाकतो तो ब्रॅकेट कामाचा नाही. केबल कॅमच्या खाचेच्या बरोबर प्रतलात यावी. ३-४ मिमी जरी बाजूला असली तरी इनर खाचेतून उडी मारून बाहेर पडते.

कापायची कशी?

आऊटर कापताना इनर बाहेर काढून ठेवा. कापण्याच्या जागी टेप गुंडाळा आणि पातळ कटिंग डिस्कने काटकोनात कापा. साधी पक्कड आऊटरला चपटं करते. मग टोकाचा बूर काढा आणि अस्तराचं तोंड टोच्याने पुन्हा गोल उघडा. हे राहिलं की नवी केबल पहिल्या दिवसापासून खरखरते. धातूचा कीस हवेने फुंकून काढा.

इनर धारदार केबल कटरनेच कापा. आधी कापायच्या जागेवर पातळ चिकटद्रव्याचा थेंब टाकून सुकू द्या, म्हणजे धागे उसवत नाहीत. एकदा उसवलेली इनर पुन्हा आऊटरमध्ये जात नाही आणि जबरदस्तीने घातली तर अस्तर ओरबाडते.

टोकाला स्क्रूचा क्लॅम्प की सोल्डर केलेलं निपल?

नीट केलेलं सोल्डर जास्त भरवशाचं. पण स्टेनलेस तारेवर साधा रोझिन फ्लक्स चालत नाही, आम्लयुक्त फ्लक्स लागतो आणि नंतर तो धुऊन काढावा लागतो. तारेचं टोक निपलच्या (टोकाच्या धातूच्या गोळीच्या) आत फुलवून मग सोल्डर भरायचं. नुसती सरळ तार सोल्डरमधून सुटून येते.

स्क्रूचा क्लॅम्प वापरला तर दोन स्क्रूवाला घ्या. टोकदार स्क्रू धागे कापतो, सपाट टोकाचा किंवा मध्ये पितळी चकती असलेला बरा. घट्ट केल्यावर इनर पक्कडीने धरून पूर्ण जोराने ओढून पाहा. १० ते १५ मिमी शेपटी ठेवा, तिला टोपी क्रिंप करा आणि ती शेपटी लीव्हर फिरताना कुठेही अडकत नाही ना ते बघा. क्लॅम्प लीव्हरमध्ये मोकळा फिरला पाहिजे, नाहीतर इनर दर वेळी त्याच जागी वाकून तुटते.

रिटर्न स्प्रिंग किती लागतात?

दोन, आणि दोन्ही थ्रॉटलच्या बाजूला. पेडलवरची स्प्रिंग मोजायची नाही. इनर फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून इनर तुटली किंवा आऊटरमध्ये अडकली तर पेडलची स्प्रिंग पेडल वर आणते आणि थ्रॉटल उघडाच राहतो.

अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १२४ या नियमात थ्रॉटल परत आणणारे किमान दोन स्वतंत्र ऊर्जास्रोत मागितले आहेत, आणि ४,५३६ किलोपर्यंतच्या गाडीत कडाक्याची थंडी नसताना तो १ सेकंदात आयडलला यायला हवा. तुमच्या देशात हा नियम लागू नसला तरी मोजपट्टी म्हणून वापरा.

दोन स्प्रिंग एकाच हुकला अडकवल्या तर हुक तुटल्यावर दोन्ही जातात, म्हणून अडकवण्याच्या जागा वेगळ्या ठेवा. थ्रॉटल मिटलेला असतानाही स्प्रिंगला ताण असावा. पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची रेषा शाफ्टच्या मध्याला ओलांडून पलीकडे जाऊ नये, गेली तर तीच स्प्रिंग थ्रॉटल उघडा धरून ठेवते. फार कडक स्प्रिंगने शाफ्टचं बुशिंग एका बाजूला झिजतं. तपासणी सोपी आहे: एक स्प्रिंग काढून थ्रॉटल सोडा, मग दुसरी काढून. दोन्ही वेळी तो टक् करून मिटला पाहिजे.

ॲडजस्टमेंटचा क्रम काय?

केबल जोडण्याआधी आयडल स्क्रू लावून घ्या. केबलच्या ॲडजस्टरने आयडल वाढवणं हा सर्रास दिसणारा जुगाड आहे. त्याने थ्रॉटल कधीच स्टॉपवर बसत नाही.

१. ॲडजस्टर आट्यांच्या मध्यावर ठेवा.
२. पेडल पूर्ण वर असताना इनर किंचित ढिली ठेवून क्लॅम्प घट्ट करा.
३. दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही थ्रॉटलजवळ बघा. इंजिन बंद.
४. पेडलखालचा स्टॉप बोल्ट असा लावा की थ्रॉटल पूर्ण उघडतो त्याच क्षणी पेडल टेकेल. थ्रॉटलच्या स्टॉपला १ मिमी फट राहिली तरी हरकत नाही.
५. पाय सोडून थ्रॉटलच्या टोकाला इनरमध्ये १ ते ३ मिमी ढील आहे ना ते पाहा.
६. लॉकनट आवळा, इंजिन गरम करून ढील पुन्हा तपासा.

पेडलचा स्टॉप टाळू नका. वरच्या उदाहरणातल्या पेडलवर ३०० न्यूटन जोराने पाय पडला तर केबलवर सुमारे ६४० न्यूटन येतात. तेवढ्याने क्लॅम्प सरकतो, लीव्हर वाकतो किंवा थ्रॉटलचा शाफ्ट पिळला जातो.

इंजेक्शनच्या इंजिनात मल्टिमीटरने पोझिशन सेन्सरही बघा. ५ व्होल्टच्या सेन्सरला मिटलेला असताना बहुधा ०.५ च्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास व्होल्ट येतात. मिटल्यावरचा आकडा केबल जोडल्याने आणि काढल्याने बदलत असेल तर केबलला ढील उरलेली नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची केबलही थ्रॉटलला जोडलेली आहे. तिचं काय?

ती सर्वात आधी लावा आणि तिच्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलप्रमाणेच लावा. जीएमच्या ७००आर४ सारख्या गिअरबॉक्समध्ये ही केबल नुसता गिअर कधी पडायचा ते ठरवत नाही, आतल्या तेलाचा दाबही तिच्यावर असतो. नव्या कॅमची त्रिज्या चुकली तर दाब कमी पडतो आणि क्लच प्लेट थोड्याच अंतरात जळतात. गिअर लवकर पडतात एवढं म्हणून अशी गाडी चालवत राहू नका.

केबलला तेल द्यायचं का?

टेफ्लॉन अस्तर असेल तर नाही. तेलात धूळ बसते आणि लगदा होतो. अस्तर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या आऊटरला पातळ केबल तेल चालतं. ग्रीस फक्त पेडलच्या पिव्होटला आणि क्लॅम्प फिरतो तिथे, किंचित. आऊटरचं वरचं तोंड आकाशाकडे उघडं राहिलं तर पाणी आत उतरतं, थंड हवेत गोठतं आणि रेस अडकते. तिथे रबरी टोपण घाला.

स्टार्टर मारला की केबल गरम होते. असं का?

इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी तुटली आहे किंवा बसवायची राहिली आहे. स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीला जो धातू मिळेल तो धरतो, आणि थ्रॉटल केबल इंजिनापासून बॉडीपर्यंत जातेच. इनर तापते, अस्तर वितळतं आणि तार आतच चिकटते. इंजिन बदललेल्या गाड्यांत हे वारंवार घडतं. आधी जाड अर्थ पट्टी लावा, मग केबल नवीन घाला. वितळलेलं अस्तर मोकळं झाल्यासारखं वाटलं तरी ती केबल टाकून द्या.

रेस लगेच खाली येत नाही. कुठून शोधायचं?

इनर लीव्हरवरून सोडवा. तरीही थ्रॉटल हळू मिटला तर दोष शाफ्ट, स्प्रिंग किंवा कार्बनने भरलेल्या बोअरमध्ये आहे. थ्रॉटल टक् करून मिटला तर दोष केबलमध्ये: मार्ग, चेपलेली आऊटर, उसवलेला धागा. थ्रॉटल मिटूनही रेस चढलेली राहिली तर गॅस्केटमधून हवा शिरतेय का, ते बघा. फक्त इंजिन गरम झाल्यावर त्रास होत असेल तर ढील कमी आहे किंवा अस्तर मऊ पडतंय.

नवी केबल सैल झाली. ताणली गेली का?

इनर क्वचितच ताणली जाते. सुरुवातीला आऊटरची वेटोळी दबतात आणि टोप्या जागी बसतात, त्यामुळे एक-दोन मिमी ढील वाढते. पहिल्या १०० किमीनंतर एकदा ॲडजस्ट करा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही सैल झाली तर ॲडजस्टर फिरवत बसू नका. क्लॅम्प सरकतोय, ब्रॅकेट वाकतोय किंवा इनर तुटत चालली आहे.

पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधी काय तपासायचं?

इंजिन बंद असताना पेडल वेगवेगळ्या जागांवरून झटकन सोडा. दर वेळी थ्रॉटल स्टॉपवर आदळल्याचा आवाज यावा. पायाखालची चटई पेडलखाली सरकत नाही ना ते बघा. मग हँडब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा आणि रेस देताना दुसऱ्या माणसाने इंजिन कलतं तेव्हा केबलकडे पाहावं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर हे सगळं पुन्हा.

चालवताना रेस अडकलीच तर क्लच दाबा किंवा गाडी न्यूट्रलला टाका, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, बाजूला घ्या आणि मग इंजिन बंद करा. गाडी चालती असताना किल्ली लॉकपर्यंत फिरवू नका, स्टीअरिंग अडकतं. ब्रेक सोडून-दाबून पंप करू नका, कारण थ्रॉटल उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो आणि ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूमचा साठा दोन-तीन दाबांत संपतो.